चिखलातली काठी

३ मार्च, सकाळी ७
पाणथळ पुन्हा भरायची. ठरलं म्हणजे ठरलं. जुन्या चरात फळ्या ठोकून पाणी अडवलं आहे. मोजायला सेंटिमीटरच्या खुणांची काठी रोवली, शून्य बरोबर चिखलाला टेकवून. आज १२. वस्तीची समिती म्हणते, महिनाअखेर ४० झालं तर चर कायमचा बंद. नाहीतर फळ्या काढून जमीन सुकवणार, प्लॉट पाडणार. ताईला शब्द दिला, तुला पाणी दाखवते. लहानपणी आम्ही दोघी इथेच फ्रॉक खोचून बेडकांच्या मागे धावायचो.

८ मार्च
१७! काठी जरा डुलत होती. दगडाने दोन ठोके मारून घट्ट केली. काम नीटनेटकं हवं. शाळेत सिस्टरनी तेवढं शिकवलंय.

१४ मार्च
२४. पुन्हा डुलत होती. चार ठोके. लव्हाळे कापणारी म्हणाली, बाई, फळ्यांखालून पाणी पळतंय, माती भरायला आम्हाला हाक मारा की. मी आकडा दाखवला. तर म्हणे, आकड्यात म्हैस डुंबते का? अडाणी, पण मनाने चांगली. तिला समितीवर घ्यायचा विचार आहे. पुढच्या वर्षी.

१५ मार्च
संकल्प: रोज चिखलात उतरून फळ्या तपासणे. गुडघा दुखतो. सोमवारपासून.

२२ मार्च
३३. सहा ठोके. बगळे दिसत नाहीत. पाणी खोल झालं, त्यांचे पाय पुरत नसणार.

२९ मार्च
४१!! उद्या समितीला बोलावलं. भाषण दोन पानी, आभार वेगळे. काठीपर्यंत जाताना आता घोटाही बुडत नाही. सवयीने चाल हलकी होते.

३० मार्च
ताईला चाकांच्या खुर्चीतून नेलं. तिला मोतीबिंदू. तरी बघताक्षणी म्हणाली, अगं, काठी एवढी बुटकी कशी झाली? समितीतलं कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. लव्हाळेवालीने दुसरी पट्टी शेजारी टेकवली. ७.
परतताना ताईने माझा हात धरला. म्हणाली, दाराशी उंची मोजताना तू टाचा उचलायचीस. बाबांना कळायचं. बोलायचे नाहीत.

३१ मार्च, दुपारी
फळ्या काढल्या. होतं नव्हतं पाणी तासाभरात गेलं. लव्हाळेवाली शेवटपर्यंत उभी होती, हाक न मारता आलेली.
निदान काठी घरी न्यावी म्हणून ओढली. तिनेही हात लावला. निघेना.
माझ्या हातचं एवढंच काम पक्कं झालं.