खडकातून आलेला अनाहूत

प्रिय रत्नमाला,

सविनय आणि सव्रण नमस्कार. अक्षर वाकडे दिसल्यास क्षमस्व. उजव्या हाताची दोन बोटे रजेवर असल्याने कारभार डाव्याकडे प्रभारी आहे.

आईंच्या मोतीबिंदूसाठी तू पैठणला गेलीस, त्यास आज सहा दिवस झाले. तुझ्या आज्ञेनुसार माशांच्या टाकीतले जेवढे पाणी उडते तेवढेच गोडे पाणी रोज भरतो. माशांची प्रकृती उत्तम. टँकरची वाट पाहणाऱ्या सिडकोत, दुसऱ्या मजल्यावर, तू खारा सागर स्थापन केलास. अगस्तीने केले त्याच्या नेमके उलट.

परंतु टाकीत तू ठेवलेल्या त्या सच्छिद्र समुद्री खडकातून विनातिकीट प्रवाशांसारखे जे जीव निघतात, त्यांच्याविषयी मला कधीच ममत्व नव्हते. त्याहून कमी ममत्व अभयविषयी आहे. रत्नागिरीचा तो, तुझ्या मोबाइलवरच्या मत्स्यप्रेमी मंडळातला सर्वज्ञ! तू छायाचित्र टाकावेस आणि त्याने दोन मिनिटांत नामकरणविधी उरकावा: ही काचेवरची गोगलगाय, हे खेकड्याचे पिल्लू. त्या क्षणी तुझ्या मुखावर जे तेज फाकते, ते मी आपल्या लग्नाच्या अल्बममध्ये शोधले. आढळले नाही.

म्हणून परवा सकाळी भेगेतून वीतभर लांब, गुलाबी, दोन्ही कडांना पांढरी लव असलेला किडा डोकावला, तेव्हा अभयला न विचारता मीच निदान केले: विषारी, मत्स्यभक्षक. तू येण्यापूर्वी शत्रूचा निःपात करून कीर्ती संपादावी, या सद्हेतूने त्यास उघड्या हाताने उपटून वाडग्यात टाकले. ती लव नव्हती, काटे होते. काचेच्या तंतूंसारखे शेकडो, सगळे बोटांत. माझा आक्रोश ऐकून शेजारच्या पारूबाई धावत आल्या आणि वाडग्यात पाहून म्हणाल्या, "अवो भाऊ, गोम पाळता व्हय घरात? बाई माहेरी गेल्या ते बरंच झालं!"

अखेर टाकीवर तू चिकटवलेल्या अभयच्या क्रमांकावर छायाचित्र धाडून, तुझा पती म्हणून, मलाच शरण जावे लागले. दोन मिनिटांत उत्तर: "काका, तो गरीब आहे हो. उरलंसुरलं खाऊन टाकी साफ ठेवतो. लगेच पाण्यात सोडा. बोटांवर चिकटपट्टी लावून ओढा, काटे निघतील." किडा सोडला. तो सुखरूप आहे.

इथवर माझा मत्सर शाबूत होता. मग त्याने आणखी एक ओळ धाडली: "काकू दर फोटोखाली लिहितात, आधी यांना दाखवलं होतं, यांनी थट्टा केली."

रत्नमाला, मला एकेक आठवले. भिंग घेऊन तू म्हणायचीस, "अहो, बघा ना, काय असंल हे?" आणि मी वर्तमानपत्रामागून उत्तर द्यायचो, "भाडेकरू असेल, भाडं माग." तू हाक मारणे कधी थांबवलेस, तेसुद्धा मला कळले नाही.

हे पत्र त्याकरिता. फोनवर मी पुन्हा विनोदच केला असता. तू आल्यावर खडकातून नवे काही निघाले, तर नाव अभयलाच विचार. मला ते येणार नाही. पण बघायला आधी मला हाक मार. मी उठून येईन.

तुझाच,
बद्रीनाथ