पडद्याआडची राजमाता

रैताच्या आईस, हलबच्या किल्ल्याखालून सलाम. तुझा गुडघा कसा आहे?

इथं सगळं ठीक. काल राजमातेला रेशीम दाखवलं. रिवाजाप्रमाणे त्या पडद्याआड होत्या. त्यांचा नेहमीचा घोगरा आवाज आला, "व्यापाऱ्या, हे रेशीम की गाढवाची झूल?" मागोमाग पडद्याआडून नाकातलं हसू आलं. दरबारही हसला.

मी मात्र ते हसू ओळखलं. टोमणा मारून नाकातून हसायची ती खोड आपल्या रैताची; राजमातेची दासी म्हणून धाडलेल्या आपल्या पोरीची. पडद्यामागून मयताच्या कापराचा वास येत होता. वजीर माझं तोंड निरखत होता.

मी वाकून म्हणालो, "अल्ला राजमातेला उदंड आयुष्य देवो!"

राजमाता जिवंत आहे असं लोक मानतील, तोवरच रैता जगेल. हे पत्र चुलीत घाल. आणि रोज राजमातेसाठी दुवा माग, शेजारणींना ऐकू जाईल अशी.

तुझा,
बद्रान