वाकळीच्या वर्गाला माझं मार्गदर्शन

८ जानेवारी, बुधवार. सांगली.
बायकोला, राजेश्वरीला, डॉक्टरांनी सुचवलं म्हणून घेऊन आलो. हॉस्पिटलमागच्या हॉलमध्ये कॅन्सर झालेल्या बायका दर बुधवारी जमतात आणि सगळ्या मिळून जुन्या साड्यांची वाकळ शिवतात. अपूर्वा मॅडम म्हणून एक तरुण बाई हे चालवतात. म्हणे हातानं काही केलं की मन हलकं होतं. हिला आत बसवून खिडकीतून पाहिलं. शिस्त शून्य. सुया कमी, तोंडं जास्त. मी शिराळा स्टँडवर जन्मभर कंट्रोलर होतो, गाड्या ओळीत लावल्या, तिथं बायका काय! पुढच्या बुधवारपासून लक्ष घालणार. शेवटी बायकोला आधार नवऱ्याचाच.

१५ जानेवारी.
लक्ष घातलं. हिरवे तुकडे एका रांगेत घ्या, लाल दुसऱ्या, असं सुचवलं. वडूजच्या भामाबाई आहेत, डोक्यावरचे केस गेलेत पण जीभ शाबूत. विचारतात, "पाव्हणं, तुमाला कुठं गाठ हाय?" नाही म्हटलं. मग भाईर बसा म्हणाल्या. सगळ्या हसल्या. हीसुद्धा. दिवाळीपासून घरात हसली नव्हती, आणि हसली ती माझ्यावर. असो. मॅडमनी बाहेर चहा पाठवला, म्हणजे माझं महत्त्व त्यांना पटलंय.

१९ जानेवारी, रविवार. घरी.
हिच्या मोबाइलवर मॅडमचा मेसेज. (मीच वाचतो. आधार द्यायचा तर माहिती नको?) साड्या कमी पडतायत, कुणाकडे जुन्या असतील तर आणा. ही झोपली होती. तिची पेटी उघडली. बाप रे, केवढ्या साड्या! नाहीतरी हल्ली गाऊनवरच असते. लग्नातला शालूसुद्धा घेतला. द्यायचं तर मनापासून द्यावं. बुधवारी सरप्राइज.

२२ जानेवारी.
सरप्राइज दिलं. कुठं बिनसलं कोण जाणे. गाठोडं सोडलं तशी सगळ्यांची तोंडं बंद झाली. मला वाटलं, भारावल्या. ही शालूकडं बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "आवं, बाई मेल्यावर वाटत्यात तिच्या साड्या. मी हाय अजून."
भामाबाईंनी गाठोडं परत बांधलं. मी म्हटलं, माझ्या मनात तसं काही नव्हतं. खरंच नव्हतं. शिराळ्यापर्यंत गाडीत ही गाठोडं मांडीवर घेऊन बसली.

२३ जानेवारी.
साड्या पेटीत परत लावल्या. तिनं सगळ्या बाहेर काढून पुन्हा घड्या घातल्या. मदतीला गेलो तर बाजूला व्हा म्हणाली. डोकंच फिरलं माझं. डाळिंबाचा रस मी काढतो, गोळ्या मी देतो, डॉक्टरांना प्रश्न मी विचारतो, आणि कौतुक त्या वाकळीचं! तो गटच हिला बिघडवतोय. येत्या बुधवारी पाठवणार नाही म्हणजे नाही.

२९ जानेवारी, बुधवार.
आज थंडी आहे, जायचं नाही, असं स्पष्ट सांगितलं. ती चप्पल घालत होती. म्हणाली, "तिथं मला रडाय मिळतं, म्हणून जाते. घरात डोळं भरलं की तुमी लगेच कायतरी कराय लागता."
एकटीच निघाली. स्टँडवर सोडायलाही नको म्हणाली. सांगली गाडी कुठल्या फलाटावर लागते तेवढं मी दारातून ओरडून सांगितलं. तिला ते लग्नापासून माहीत आहे.

३० जानेवारी.
शांतपणे विचार केला. ठीक आहे. आजपासून काही करायचं नाही. ती रडली तर रडू द्यायचं, जागचं हलायचं नाही. मी मनावर घेतलं तर माझ्याइतकं काही न करणारा माणूस तालुक्यात सापडणार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार.
संध्याकाळी ही मेथी निवडत होती. मधेच हात थांबले आणि रडायला लागली. घरात, माझ्यासमोर, पहिल्यांदा. मी उठलो. पाणी आणावं, पंखा लावावा, की डॉक्टरांना फोन करावा? ती म्हणाली, "बसा."
बसलो. काहीसुद्धा केलं नाही. तिच्याकडं नुसता बघत राहिलो. मनगटं किती बारीक झालीत तिची. आणि एकदम मलाच रडू फुटलं, आवरेचना.
तिनं गाऊनच्या बाहीनं डोळे पुसले, उठली, मला पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवत बसली. तिचं रडायचं तेवढं राहून गेलं.