मंडळाची व्हीलचेअर

२ नोव्हेंबर, रविवार
मंडळाची मीटिंग. सेक्रेटरी धनेश म्हणाला, आजाऱ्यांसाठी ठेवलेल्या सामानाचा ‘अब्यूज’ होऊन राहिला आहे. नाव घेतलं नाही. पण मागच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं, “बॅटरीवाले.” माझे कान तिखट. व्हीलचेअर माझ्या बॅटरीच्या दुकानात असते, खरं. रिकामी उभी राहण्यापेक्षा इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या गोदामात नेते, हेही खरं. पण चाकांना तेल कोण घालतं? असो. उद्यापासून बंद.

३ नोव्हेंबर, सोमवार
एकच बॅटरी नेली. बंदच म्हणायचं.
शरयूला, म्हणजे आमच्या मुलीला (कॉलेजात इंग्रजी शिकवते), ‘अब्यूज’चा अर्थ विचारला. म्हणाली, मूळ लॅटिन. एक अर्थ वापरून संपवणं, दुसरा भलत्या कामाला लावणं. मी पहिला घेतला. खुर्ची कुठे संपली आहे? तरी जेवण गोड लागलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
बाळाजीकाका दुकानात. सुमित्राकाकूंचा पाय प्लास्टरमध्ये. रविवारी दुर्वाचं, नातीचं लग्न. खुर्ची हवी. खुर्ची माझ्या मागेच होती, वर दोन बॅटऱ्या. आडवा उभा राहिलो. म्हटलं, सर्व्हिसिंगला दिली आहे, शनिवारी घरपोच. काका म्हणाले, तू आहेस म्हणून मंडळाचं सामान टिकलं. चहा पाजला, समोसेही मागवले.

८ नोव्हेंबर, शनिवार
खुर्ची धुतली. बॅटरीच्या अ‍ॅसिडनं सीटला भोकं. बारीकच. नवी सीट टाकायला वेळ नाही. वर सोफ्याचं कव्हर घातलं. एकदम राजेशाही. पोचवली.

९ नोव्हेंबर, रविवार
लग्न. काकू पैठणी नेसून खुर्चीत. मंगलाष्टकं ऐन रंगात असताना सीट फाटली. तो आवाज आधी मीच ऐकला. लागलं नाही, देवाची कृपा. पैठणी मात्र गेली. काकूंनी अक्षता जमिनीवर बसूनच टाकल्या, वर हसल्या. धनेश माझ्याकडे बघत होता. मी पंख्याकडे.
म्हणजे खुर्ची संपलीच.

१० नोव्हेंबर, सोमवार
ठरलं. आज काकांकडे जाऊन सगळं सांगायचं. जाता जाता एका गिऱ्हाइकाची बॅटरी उचलली. हातानं. कंबर धरली. उद्या सांगू.

१२ नोव्हेंबर, बुधवार
काल उठताच आलं नाही. आज काकाच आले, खुर्ची ढकलत. सीट नवी, पैठणीच्या पदराची, मधोमध मोर. काकूंनी शिवली. म्हणाले, डॉक्टरकडे चल.
मी तोंड उघडलं. काका म्हणाले, “काहून उभा राहून राहिला भैया, बस. अन् यावर बॅटऱ्या नको ठेवू. त्या दिवशी दिसल्या होत्या मला.”
मी मोरावर बसलो.