लालीवरचे अस्तर

जळगाव, ७ एप्रिल १९३५, रविवार
आज नाटक पुरे झाले. ‘संगीत निष्कलंकविजय’, अंक तीन. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या क्लबात प्रयोग. राजपुत्र निष्कलंक अर्थात मी. वय सत्तेचाळीस आहे, पण नाटकात राजपुत्राच्या वयाचा उल्लेख ठेवलेला नाही.

कलंकासुर राक्षसाचे काम बन्सीलाल सरकीवाल्याला दिले. तिसऱ्या अंकात कलंकासुर राजपुत्राच्या पायाशी तीनदा नाक घासतो. नाटक या एका प्रवेशासाठी लिहिले आहे. आधीचे दोन अंक म्हणजे तिथवर जाण्याचा रस्ता.

कारण नोंदवून ठेवतो, म्हणजे राग शिळा होणार नाही. गेल्या आखाजीला मी ऋषी झालो होतो. माझे गाल आणि नाक जन्मापासून लाल. उन्हाने, गॅसबत्तीने, अपमानाने अधिक लाल. सफेद्याखालून लाली वर आली. पहिल्या रांगेतून बन्सीलाल ओरडला, “ऋषी भांग घेऊन आलेत हो!” प्रयोग पाच मिनिटे थांबला. तेव्हापासून संस्कृतच्या वर्गात माझी पाठ वळली की मी ‘गुलाबी ऋषी’ होतो. मी सुपारीदेखील खात नाही.

प्रतिज्ञा: बन्सीलालचे नाक रंगमंचाच्या फळीला लागेपर्यंत आंबा वर्ज्य.

९ एप्रिल
बन्सीलालने भूमिका हसत घेतली. “गुरुजी, तुम्ही सांगाल तितक्यांदा घासू की नाक!” त्याच्या हसण्यात पश्चात्ताप दिसला नाही. तिनाचे सात केले.
पन्हे घेतले. कैरी म्हणजे आंबा नव्हे.

१४ एप्रिल
क्लबाचा सगळा मेकप ड्रॉइंग मास्तर मोतीलाल करतात. त्यांना लालीवर उपाय विचारला. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची अडचण आहे, असे सांगितले. म्हणाले, “गुरुजी, त्या गृहस्थांचं नाक मला इथून दिसतंय.” मग शास्त्र सांगितले. लालीवर नुसता सफेदा थापला की गुलाबी दिसते. आधी फिकट हिरव्याचा पातळ हात द्यायचा आणि त्यावर सफेदा. भिंतीला रंगाआधी अस्तर देतात, तसे. हिरवा लालीला मारतो.
‘हिरवा लालीला मारतो’ हे वाक्य फार आवडले. वहीत पुन्हा एकदा लिहिले.

२१ एप्रिल
मोतीलालांच्या हिरव्या रंगाची रिहर्सल. वेळ दुपारी चार. जळगावचे ऊन. दुसऱ्या पदापर्यंत लाली खरोखर मेलेली होती. तिसऱ्या पदाला घाम सुटला आणि अस्तर सफेदा फोडून वर आले. बन्सीलाल म्हणाला, “राजपुत्र मागून येतोय वाटतं. पोपट पुढं पाठवलाय.” सगळे हसले. मोतीलालही.
साताचे अकरा केले.
निष्कर्ष: तत्त्व बरोबर, द्रव्य कच्चे. घामाने न जाणारे हिरवे हवे.

२८ एप्रिल
द्रव्य सापडले!
भागाबाई आखाजीच्या पंगतीला केळीची पाने देणार आहे, ती ऑर्डर घ्यायला आली. तिच्या लुगड्यावर तपकिरी डाग. विचारले, हे धूत का नाहीस? म्हणाली, “केयना चीक शे आबा. लुगडं फाटी जाई, पन डाग नही जावाव.”
न जाणारे! केळ वैद्यकात शीतल सांगितली आहे. पान हिरवे. तीन गुण एका झाडात, आणि इतकी वर्षे आपण तिच्यावर नुसते जेवत होतो. केळीचे दोन गड्डे आणायला सांगितले. तोंडाला लावायचे आहे, हे ऐकून ती मोठ्याने “नको आबा, नको!” म्हणाली. अडाणी बाई. पण शिफारस नकळत अचूक केली.

धुळ्याच्या साप्ताहिकाचा जळगावचा बातमीदार मीच. मजकूर लवकर हवा असतो, म्हणून प्रयोगाचा वृत्तान्त आजच टपालात टाकला. “राजपुत्राचे काम करणाऱ्या गृहस्थांचे मुख शेवटपर्यंत निष्कलंक होते. कलंकासुराबद्दल इतकेच, की नाक घासण्यापलीकडे त्यास काही साधले नाही.” नावे दिली नाहीत. आपल्या लेखणीने आपलेच नाव लिहिणे असभ्य. गाव ओळखेल.

४ मे, सकाळ
केळीच्या गड्ड्याचा चीक, पानाचा रस, फडक्यातून गाळून. गाल, नाक, कपाळ. तीन हात. वर पावडर. आरशात लालीचा मागमूस नाही! सौ. म्हणाली, “अगं बाई, कोण पाहिजे आपल्याला?” याहून मोठे सर्टिफिकेट नाही.
अस्तर मुरावे म्हणून दिवसभर तसेच ठेवणार.

४ मे, संध्याकाळ
धुतले. किंचित पिवळट छटा. मुरते आहे.

५ मे, आखाजी, सकाळी सहा
तपकिरी.

सात
बेसन, लिंबू, ताक, चिंच, रॉकेल. चेहरा जळजळतो. डाग अधिक उठून दिसतात.

आठ
भागाबाई पाने घेऊन आली. “आबा, मी सांगेल व्हतं ना!” किती दिवस राहील, असे विचारले. “पंधरा दिन तरी ऱ्हाई.” पानांचे पैसे घेताना तिने माझ्याकडे पाहणे टाळले.

दहा
मोतीलालांनी चार हात सफेदा दिला. डाग निळसर होऊन वर आले. त्यांनी मला उजेडाकडे वळवले, पुन्हा वळवले आणि म्हणाले, “कलंकासुर तयार आहे. माझा एक तास वाचला.” कमिटी बसली. राजपुत्राचे पाठांतर दुसऱ्या कोणाला आहे? माझ्या पायाशी उभे राहून राहून बन्सीलालला ते अक्षरशः पाठ झालेले निघाले.

६ मे
प्रयोग झाला. बन्सीलालला घामही येत नाही.
तिसऱ्या अंकात मी नाक घासले. तीनदा झाले तेव्हा राजपुत्राने वाकून मला उठवले. “पुरे, गुरुजी!” प्रचंड टाळ्या. हे संहितेत नाही. दबक्या आवाजात म्हणालो, “अकरा आहेत.” तो म्हणाला, “राहू द्या हो.” मी राहू दिले नाही. उरलेली आठ पुरी केली. लेखकानेच संहिता मोडायची म्हणजे काय!
फळी खरखरीत आहे. क्लबाला रंधा मारायला सांगणे.

११ मे
साप्ताहिक आले. वृत्तान्त काना-मात्रेसह छापला आहे. राजपुत्राबद्दलचे वाक्यही, कलंकासुराबद्दलचेही.
बन्सीलालने तो दुकानाच्या दारावर डकवला आणि आंब्यांची टोपली घेऊन घरी आला. “गुरुजी, हा बातमीदार कोण ते ठाऊक नाही, पण माणूस मोठ्या मनाचा. तुमच्याबद्दल जरा कडक लिहिलंय, मनाला लावून घेऊ नका.” जाताना वाकून पाया पडला. त्याचे नाक जमिनीपासून वीतभर वर राहिले.

प्रतिज्ञेचा पुन्हा विचार केला. नाक फळीला लागले आहे. कोणाचे, हा तपशील. चार आंबे खाल्ले. गोड निघाले, हे सगळ्यात वाईट.
आरशात पाहिले. लाली कोठेही दिसत नाही. उपाय गुणकारी आहे.