हाताला लागेल अशी घंटा

४ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुमच्या स्टेशनातली लिफ्ट पुरी होत आली हे वाचून मी घर डोक्यावर घेतलं. दोन वर्षं आईला पाहिलेलं नाही. मोटारीत दहा तास माझी पाठ टिकत नाही आणि गाडीने यावं तर तो बेचाळीस पायऱ्यांचा पूल. मागच्या खेपेला दोन हमालांनी मला चाकांच्या खुर्चीसकट उचललं आणि निम्म्यावर एकाचा पाय सरकला. तेव्हापासून तो जिना माझ्या स्वप्नात येतो.

लिफ्ट तपासून सही करणारे साहेब तूच, म्हणून एक हट्ट. इथल्या लिफ्टमध्ये धोक्याची घंटा उभ्या माणसाच्या खांद्याशी आहे. परवा मी आत पाऊण तास अडकले आणि तिच्याकडे नुसती बघत बसले. तुझ्या लिफ्टमधली घंटा खुर्चीत बसून हाताला लागली पाहिजे. त्याआधी सही केलीस तर माझी शपथ आहे. आईला सांग, तिची ठमी येतेय.

लोभ आहेच, तो कमी करू नकोस.
ठमी

१९ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी शंका खरी निघाली. स्टुलावर बसून मी हात वर केला, तर घंटा वीतभर लांब राहिली. ठेकेदार म्हणाला, एवढ्याशासाठी कशाला अडवता, सही करा, नंतर बघू. नंतर कोणी बघत नाही हे मी तीस वर्षांत शिकलोय. कागद परत केले. आता बटणांची अख्खी पाटी बदलायची, ती यायला तीन आठवडे लागतील. सही नाही तोवर लिफ्ट बंदच. तुझ्या हट्टापायी ठेकेदार माझं तोंड बघत नाही.

आईला जरा खोकला आहे. तिचा पलंग खिडकीशी घेतलाय. डॉक्टर येऊन जातात. काळजीचं कारण नाही. तू येणार म्हणून तिने मला दाराचा उंबरठा काढायला लावला.

आमची आठवण ठेवत जा.
दादा

२ डिसेंबर

ती. दादास,
सा. न.

खोकल्यासाठी कोणी पलंग खिडकीशी नेत नाही. फोन केला की आई झोपलेली असते. दादा, मी आता लहान नाही, खरं काय ते लिही. वेळ तशी असेल तर शपथ मागे घेते, घंटा राहू दे तिथेच. तसंही नसेल जमत तर हमाल बोलाव. मी पोत्यासारखी येईन, पण येईन.

उत्तर लगेच पाठव.
ठमी

९ डिसेंबर

चि. ठमीस,

परवा फोनवर आई गेली एवढंच कसंबसं सांगता आलं. तुझं पत्र त्याच दुपारी हातात पडलं. पाटी काल आली. लिफ्ट आज सुरू झाली.

डॉक्टरांनी नोव्हेंबरातच महिना सांगितला होता. आईने मला बजावलं होतं, पोरीला कळवू नकोस, नाहीतर ती त्या जिन्यावरून येईल. तिला आपली आपण येऊ दे. मला वाटलं, तीन आठवडे सहज निघतील. सही अडवताना मला वाटत होतं की मी तुझ्यासाठीच झगडतोय. मी चुकलो, ठमे. शेवटच्या दिवशी आईने दोनदा विचारलं, गाडी आली का. मी हो म्हणालो.

माझ्यावर लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू?
दादा

१८ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. चार दिवसांत तू एकदाही माझ्या नजरेला नजर दिली नाहीस, म्हणून लिहून सांगते. मला राग आला होता, अजून आहे. तू विचारायला हवं होतंस. जिन्याची भीती माझी होती आणि आईही माझी होती, काय सोसायचं ते मी ठरवलं असतं.

निघताना तू सामान घेऊन जिन्याने पुढे गेलास, तेव्हा लिफ्टमध्ये मी एकटीच होते. घंटा अगदी हाताशी होती. ती वाजल्यावर तू बेचाळीस पायऱ्या धावत खाली आलास, आणि मी म्हटलं, चुकून हात लागला. चुकून नव्हता लागला. दाबल्यावर कोणी येतं का, एवढंच मला पाहायचं होतं.

उन्हाळ्यात पुन्हा येईन. उंबरठा परत बसवू नकोस.

तुझी,
ठमी