तुरुंगाची बॅग

३ तारीख, सोमवार
शाळेशेजारच्या पाण्याच्या टाकीला तडा. ही त्याच शाळेत तिसरीला शिकवते. तडा तिने दाखवला, पण मोजला मी, शिडी लावून: लांबी सव्वादोन मीटर, तळाशी करंगळी जाईल एवढा. माझं साप्ताहिक चार पानी असलं तरी लोकशाहीचा चौथा स्तंभ आहे, आणि तो मी कॉलेजची पायरी न चढता उभा केलाय. या अंकाचा मथळा: ‘नगराध्यक्ष, उत्तर द्या’. अटक अटळ. बॅग भरली: दाढीचं सामान, स्वेटर, राज्यघटनेवरचा जाड ग्रंथ. ही म्हणाली, उन्हाळ्यात स्वेटर कशाला? म्हटलं, तुरुंगाच्या भिंती थंड असतात. म्हणाली, बघून आलात वाटतं.

४, मंगळवार
नगराध्यक्षांच्या पीएचा फोन. आवाज घाबरलेला. पालिकेची अर्ध्या पानाची जाहिरात देतो म्हणाला. घेतली. शत्रूच्याच खर्चाने शत्रूवर हल्ला. मथळ्यातून ‘नगराध्यक्ष’ मात्र काढलं. टीका व्यक्तीवर नसावी, वृत्तीवर असावी.

६, गुरुवार
‘तडा’ हा शब्द कायद्याने नाजूक. मी इंजिनियर नाही. ‘रेघ’ केलं. करंगळीही काढली, कोर्टात विचारतील, कोणाची? ही म्हणाली, अहो, उद्या पोरांच्या डोक्यावर टाकी पडेल की रेघ, तेवढं सांगा. शिक्षकी पेशात संयम उरलेला नाही.

७, शुक्रवार
अंक निघाला. शेवटी बातमी काढून अग्रलेखच केला: ‘पाण्याचे महत्त्व’. शहाण्याला शब्दाचा मार. दिवसभर कान दाराकडे. बेल एकदाच वाजली. गॅसवाला.

१०, सोमवार
हिने शाळेच्या फाटकावर फळा टांगला: ‘टाकीला तडा आहे. पालिकेला तीनदा कळवले. मुलांना मागच्या दाराने आणा.’ ना मथळा, ना लांबी-रुंदी. पत्रकारितेचा गंध नाही. तरी पालकांची झुंबड. कोणीतरी फोटो काढून गावभर पाठवला. दुपारी टाकी रिकामी करायला घेतली. माझ्या अग्रलेखाचा परिणाम व्हायला तीन दिवस लागले, एवढंच.

११, मंगळवार, सकाळी
अखेर आले. एक हवालदार, एक महिला पोलीस. इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून दारात गेलो. त्यांनी विचारलं, बाई आहेत का? अफवा पसरवल्याची तक्रार आहे, चौकशीला चला. म्हटलं, संपादक मी आहे. हवालदार म्हणाला, काका, जरा बाजूला होता का. हिने माझी बॅग घेतली. ग्रंथ आणि दाढीचं सामान काढून टेबलावर ठेवलं. स्वेटर राहू दिला. म्हणाली, भिंती थंड असतात म्हणे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
चौकीवर गेलो. बाहेर अख्ख्या तिसरीचे आईबाप बसलेले. बाईंना घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणतात. एकाने सरकून बाकावर जागा दिली. विचारलं, तुम्ही बाईंचे मिस्टर ना? काय करता आपण?
खिशातलं पेन चाचपलं.
म्हटलं, मोजमापं घेतो.